बंदरामागचा मुलूख

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. मांजरा आणि तेरणा या नद्या आहेत, पण पाऊसमान बरे असेल तरच त्यांना पाणी. तेही पूर्वेला, गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे जाते. पश्चिमेचा किनारा गाठायचा तर दिवस मोडतो. नीती आयोगाने 2018 साली ‘आकांक्षित’ म्हणजे सरळ भाषेत मागास जिल्ह्यांची यादी केली, तीत महाराष्ट्रातले चार जिल्हे होते आणि त्यांत एक हा होता.

अशा जिल्ह्यातही आता क्रूझच्या जाहिराती येतात. मुंबई-गोवा दोन रात्री, लक्षद्वीप, आणि खिसा खोल असेल तर भूमध्य समुद्र: बार्सिलोना, नेपल्स, सँटोरिनी. निवृत्त शिक्षक, बँकेतली माणसे, आडत व्यापारी गट करून जातात. त्यांची चेष्टा करावी असे मला वाटत नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्यात ज्यांची उमेद गेली, त्यांना क्षितिजापर्यंत पाणी पाहावेसे वाटले तर त्यात नवल कसले? मला प्रश्न पडतो तो जाहिरातीतल्या एका वाक्याविषयी. ‘ऐतिहासिक बंदरांची सफर’ असे त्यात लिहिलेले असते. ऐतिहासिक बंदर जहाजाच्या डेकवरून दिसते का? माझे उत्तर असे, की त्याची कड दिसते. बंदर ज्याच्या जिवावर बंदर झाले, ते आत असते, पुष्कळ आत. कधी कधी तर ते धाराशिव जिल्ह्यात असते.

हा गावाभिमान नव्हे. पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतची बंदरे आणि तिथला माल यांची एक माहितीपुस्तिका लिहिली. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने ती ओळखली जाते. लेखकाचे नाव कुणाला ठाऊक नाही. गडी मात्र व्यवहारी होता. कोणत्या महिन्यात निघावे, कुठे खडक आहेत, कोणत्या राजाला काय नजराणा लागतो, सगळे त्याने टिपले आहे. भडोचला नर्मदेच्या मुखाशी भरती-ओहोटी इतकी फसवी, की राजाच्या नोकरीतले कोळी होड्या घेऊन पुढे येत आणि परक्या जहाजांना ओढत आत नेत, हेही तो सांगतो. आजच्या भाषेत तो पायलटच. त्याच्या यादीत चौल आहे, सोपारा आहे, कल्याण आहे.

आणि मग तो किनारा सोडून एकदम आत वळतो. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचे फार मोठे नगर, असे तो लिहितो. पैठणहून अकीक दगड येतो. तगरहून साधे कापड येते, तऱ्हतऱ्हेची मलमल येते, आणि पलीकडच्या समुद्रकाठाहून तिथे जमा झालेला मालही येतो. हे सगळे धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला उतरते.

तगर म्हणजे तेरणेकाठचे आपले तेर. जॉन फ्लीट यांनी 1901 साली ही ओळख पटवली. पुढे तिथे झालेल्या उत्खननांत सातवाहनकाळाचे थरच्या थर निघाले.

पेरिप्लसचा कर्ता स्वतः तेरला आला असेल असे वाटत नाही. त्याच्या मजकुराचा रोख भडोचच्या धक्क्यावर ऐकलेल्या माहितीचा आहे. एका अर्थी तोही किनाऱ्या-किनाऱ्याने जाणारा, बंदरात थोडे थांबून पुढे सरकणारा प्रवासी. पण धक्क्यावर कापडाचा गठ्ठा दिसला की हा कुठला, किती दिवसांच्या वाटेवरचा, असे त्याने विचारले. न पाहिलेल्या गावाचे नाव त्याने नोंदवून ठेवले. त्याच्या त्या एका चौकशीमुळे तेर जगाच्या नकाशावर आहे. आजच्या क्रूझच्या गुळगुळीत पुस्तिकेत बंदराची माहिती म्हणून जुना किल्ला, एक चर्च, बाजारपेठ आणि मासळीचे उपाहारगृह एवढेच असते. दोन हजार वर्षांपूर्वीचा एक नफ्यातोट्याचा माणूस जे विचारू शकला, ते आजच्या हौशी प्रवाशाला सुचूही नये अशी व्यवस्था आहे. ही पीछेहाट आहे, आणि ती दिसत नाही कारण जहाज फार मोठे झाले.

तेरचा माल भडोचला का जाई, हेही पाहण्यासारखे आहे. जवळचे बंदर कल्याण. नाणेघाट उतरला की कोकण, आणि घाटाच्या माथ्यावरचा जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही तिथे आहे. पण त्या काळात क्षत्रप आणि सातवाहन यांची झुंज चालू होती. कल्याणची नाकेबंदी झाली आणि तिथे चुकून लागलेली ग्रीक जहाजेही पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे पेरिप्लस सांगतो. घाटाखाली सत्ता कुणाची यावर तेरच्या गाडीवानाच्या बैलांचे हाल ठरत. महिनाभराची वाट, तीही एका बाजूची. बंदराचा इतिहास लिहिताना जहाजांची चित्रे काढतात. त्यात निम्मी चित्रे बैलगाड्यांची हवीत.

उलट दिशेनेही माल येई. इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच. दारूचे दोन कानांचे उंच कुंभ फुटले तरी खापरे उरतात, आणि ती नेवासे, जुन्नर यांसारख्या घाटावरच्या गावांत सापडली आहेत. म्हणजे समुद्र किनाऱ्यावर संपत नव्हता. तो गाडीत बसून आत येत होता.

आज तेरला जाणारा माणूस बहुधा गोरोबाकाकांच्या दर्शनाला जातो. संत गोरा कुंभारांचे हे गाव, आणि त्यांच्या पुण्यतिथीला चैत्रात तिथे मोठी यात्रा भरते. तगरचे नाव यात्रेकरूंच्या तोंडी नसते, आणि त्यात त्यांची चूक नाही. पण मंदिराकडे जाताना वाट वाकडी करून त्रिविक्रमाचे देऊळ पाहावे. विटांचे, मागे अर्धगोल, वर गाडीच्या टपासारखे छप्पर: हे मुळातले बौद्ध चैत्यगृह. असे डोंगरात कोरलेले चैत्य आपण कार्ल्याला, भाज्याला पाहतो, पण जमिनीवर विटांनी बांधलेला आणि उभा राहिलेला फार दुर्मिळ. तो तिथे उभा आहे आणि आत विष्णूची पूजा चालते. गावातच रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. गावाभोवतीच्या पांढरीत लोकांना जे सापडे ते लामतुरे जपून ठेवत गेले: मणी, शंखाच्या बांगड्या, भाजलेल्या मातीच्या बाहुल्या, नाणी. हजारो वस्तू. शंख तेरणेत होत नाहीत, हे सांगायला नकोच.

माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम पुरावा मात्र खुद्द किनाऱ्यावरच्या राजांनी दिला आहे. नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत ठाणे परिसरात राज्य करणारे शिलाहार हे बंदरांचे राजे. ठाणे, सोपारा, चौल त्यांच्या ताब्यात. अरब प्रवासी त्यांच्या मुलखाची वर्णने करतात, अंबरनाथचे शिवालय त्यांच्याच काळचे. आणि या राजांचे मानाचे बिरुद काय, तर ‘तगरपुरवराधीश्वर’: तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. दक्षिण कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहारही तेच मिरवत. प्रत्यक्षात तेरवर त्यांची सत्ता नव्हती. पण कुळाचा मान सांगायचा तर समुद्रकाठच्या राजाला घाटावरचे गाव सांगावे लागे.

त्यांचा शेवटही घाटावरूनच आला. देवगिरीचा यादव राजा महादेव चालून आला आणि 1265च्या सुमारास शेवटचा शिलाहार सोमेश्वर समुद्रावरच्या लढाईत बुडाला. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरली आहे. ती हीच लढाई असे मानले जाते. ते वीरगळ आज मुंबईच्या वस्तीत अडकले आहेत. मुंबईच्या धक्क्यावरून क्रूझवर चढणाऱ्यांपैकी किती जणांनी ते पाहिले असतील?

आता क्रूझ प्रत्यक्षात कशी चालते ते पाहू. जहाज सकाळी लागते, संध्याकाळी सुटते. मधल्या सहा-आठ तासांत बसने फिरवून आणतात. उशीर झाला तर जहाज थांबत नाही, म्हणून शहाणा माणूस बंदरापासून लांब जातच नाही. जेवण, नाच, जुगार, दुकाने, पोहण्याचा तलाव सगळे जहाजावर, आणि जेवणाचे पैसे आधीच भरलेले. मग गावात जेवून खर्च कोण करील? जानेवारी 2024 मध्ये निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ 365 मीटर लांब आहे आणि साडेसात हजारांच्या आसपास प्रवासी नेते. असे जहाज स्वतःच गाव असते, त्याला बंदर लागते ते देखावा म्हणून. इटलीच्या सरकारने 1 ऑगस्ट 2021पासून व्हेनिसच्या सान मार्कोसमोरच्या जलमार्गातून मोठ्या जहाजांना बंदी केली. शतकानुशतके जहाजांवर जगलेल्या शहराला जहाज नको झाले, कारण या जहाजातून माल उतरत नाही, फक्त गर्दी उतरते.

आपल्याकडे अजून तेवढी गर्दी नाही. मुंबई-गोवा मार्गावर 2018 साली ‘आंग्रिया’ आली आणि फार टिकली नाही. 2021पासून कॉर्डेलिया कंपनीच्या क्रूझ मुंबईतून निघतात. 30 सप्टेंबर 2024 रोजी केंद्र सरकारने मुंबई बंदरातूनच ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केले, त्यात 2029पर्यंत क्रूझ प्रवासी दुप्पट करण्याचे उद्दिष्ट आहे. म्हणजे व्यवस्था अजून घडते आहे, आणि काही सुचवायचे तर आत्ताच सुचवायला हवे.

याच किनाऱ्यावर पूर्वी कोकण बोट होती. भाऊच्या धक्क्यावरून सुटून हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण करत पणजीपर्यंत जायची. लोक डेकवर पथारी टाकत, ओकत, भजने म्हणत. 17 जुलै 1947ला ‘रामदास’ बुडाली तेव्हा सहाशेहून अधिक माणसे गेली, त्यामुळे त्या प्रवासाची मी उगाच आरती ओवाळणार नाही. पण त्या बोटीतून उतरणाऱ्याला मचव्यात बसून किनारा गाठायचा असे आणि पुढे डोक्यावर ट्रंक घेऊन आतल्या वाडीपर्यंत चालायचे असे. बंदर त्याच्या वाटेवरचा टप्पा होते. क्रूझवाल्याला तो टप्पाच मुक्काम वाटतो आणि तिथूनच तो मागे फिरतो.

धाराशिवच्या माणसाला हा फरक खरे तर लवकर कळायला हवा. इंग्रज अमदानीत मुंबई बंदर वाढले ते कापसावर, आणि शेजारच्या बार्शीच्या पेठेसाठी 1897 साली छोट्या गाडीची लाइन पडली, ती 1911मध्ये लातूरपर्यंत गेली. आज द्राक्षांच्या पेट्या कंटेनरमध्ये बसून न्हावाशेव्याला जातात. परदेशात भाव पडला की त्याचा चटका इथल्या बांधावर बसतो. समुद्र आपल्यापासून तुटलेला कधीच नव्हता.

राहता राहिले नेपल्स. भूमध्य समुद्रातल्या क्रूझ तिथे थांबतात, कारण पाँपेई जवळ आहे. इसवी सन 79मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या शहरात 1938 साली एक वीतभराहून थोडी उंच हस्तिदंती मूर्ती सापडली. भरपूर दागिने ल्यालेली भारतीय स्त्री, दोन्ही बाजूंना लहान सेविका. तिला ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणतात, अभ्यासक यक्षी म्हणतात. ती नेमकी कुठे कोरली यावर वाद आहे. पण तिच्या जातकुळीच्या हस्तिदंती मूर्ती महाराष्ट्रात सापडल्या त्या दोन गावांत: जालना जिल्ह्यातले भोकरदन आणि आपले तेर.

पाँपेईची ती मूर्ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. सहल कंपन्यांच्या एका दिवसाच्या फेरीत पाँपेईचे अवशेष आणि पिझ्झा हे ठरलेले, संग्रहालय बहुधा गळते. म्हणून युरोपची क्रूझ ठरवणाऱ्या धाराशिवकरांना माझी विनंती आहे. पैसे भरण्याआधी एका रविवारी मुलाबाळांना घेऊन तेरला जा, त्रिविक्रमाचे देऊळ आणि लामतुरे संग्रहालय नीट पाहा. मग कंपनीला सांगा, की नेपल्सला पिझ्झा नसला तरी चालेल, संग्रहालयात दोन तास हवेत. दहा जणांनी मागितले तर ते कार्यक्रमात बदल करतात.