टबीथाचे कपडे आणि आजीची गोधडी

आजचा शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२



यापो या बंदराच्या गावात टबीथा नावाची शिष्या राहत होती. ग्रीकमध्ये तिचं नाव दुर्कस. दोन्हींचा अर्थ हरिणी. 'शिष्य' या शब्दाचं स्त्रीलिंगी रूप मूळ ग्रीक नव्या करारात फक्त एकदाच येतं, आणि ते हिच्यासाठी. पण गंमत बघा, या शिष्येच्या तोंडचं एकही वाक्य लूकने लिहून ठेवलेलं नाही. ती आजारी पडून मरते. लोदहून पेत्र येतो, माडीवर जातो, तेव्हा विधवा रडत रडत त्याला तिने केलेले कपडे दाखवतात. तिची साक्ष ती एवढीच.

गेल्या महिन्यात माझी आजी प्रभूमध्ये निद्रिस्त झाली. नगर जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावातली शेतकरीण. बाजरी, जोंधळा आणि दोन शेळ्या, हा तिचा संसार. अक्षरओळख नव्हती, पण रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं तोंडपाठ. खुरपताना म्हणायची. मळणी झाली की पहिली पायली चर्चची, मग घरची.

१९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. तिथे खायला सुकडी मिळायची. स्वतःच्या वाटणीची सुकडी पदरात बांधून ती शेजारच्या विधवेच्या पोरांना आणून द्यायची. हे तिने आम्हाला कधीच सांगितलं नाही. तिच्या स्मरणार्थ उपासना झाली, तेव्हा त्या पोरांपैकी एक, आता साठी ओलांडलेले काका, उभे राहून बोलले. मग बायका बोलू लागल्या. कुणाच्या बाळंतपणात आजीने जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून दिली होती, कुणाच्या लेकीच्या. एका मावशीने तर ती गोधडीच सोबत आणली होती. टाके अजून घट्ट होते.

नंतर माझ्या आतेबहिणीने विचारलं, "दादा, पेत्राने प्रार्थना केली आणि टबीथा उठली. आपणही आठ दिवस आयसीयूबाहेर प्रार्थना केली ना? मग आजी का नाही उठली?"

मित्रांनो, याचं सोपं उत्तर माझ्याजवळ नाही. पण ४१ वं वचन नीट वाचा. पेत्र पवित्र जनांना आणि विधवांना बोलावतो आणि टबीथाला जिवंत अशी त्यांच्यापुढे उभी करतो. ज्यांना तिची गरज होती, त्यांनाच ती परत मिळाली. पुढे कधीतरी तीही पुन्हा मरण पावलीच असणार. यापोतला चमत्कार ही एक खूण होती, ज्या पुनरुत्थानानंतर मरण नाही त्याची. आजीला आम्ही त्याच आशेने मातीत ठेवलं. जिने आयुष्यभर मातीत बी टाकलं आणि पावसाची वाट पाहिली, तिला ही आशा कुणी समजावून सांगावी लागली नसती.

माझ्या ऑफिसमध्ये कोडची कुठली ओळ कोणी लिहिली, किती वाजता, हे सगळं नावानिशी नोंदलं जातं. गोधडीवर नाव नसतं. ज्याची थंडी गेली, त्याला मात्र ते माहीत असतं. आणि देवाला.

आपण पुण्या-मुंबईत बंद दारांमागे राहतो. आज वचनाचं स्टेटस ठेवण्याआधी एक चेहरा आठवा. चर्चमध्ये मागच्या बाकावर एकट्या बसणाऱ्या आजी असतील, पीजीमध्ये तापाने पडलेला मुलगा असेल. त्यांच्याकडे डबा घेऊन जा. दहा मिनिटं बसा. आजीची जागा रिकामी झाली आहे, काम तसंच पडून आहे.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, ज्यांनी गाजावाजा न करता तुझी सेवा केली, त्या आमच्या आज्यांसाठी तुझे उपकार मानतो. रडणाऱ्यांना पुनरुत्थानाच्या आशेने धीर दे. आमच्या हातांना आज कुणासाठी तरी काम दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.