नकाशात न रंगवलेले साम्राज्य

आंबिवलीच्या उर्दू शाळेत आम्ही इतिहास शिकवतो. एकदा फळ्यावर जगाचा नकाशा टांगून साम्राज्यवाद समजावून सांगत होतो. इंग्रजांचा तांबडा रंग, फ्रेंचांचा जांभळा, पोर्तुगीजांचा हिरवा. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि त्याने विचारले, "सर, अमेरिका का रंग कौनसा?" नकाशात अमेरिकेचा रंग तिच्या सरहद्दीबाहेर कुठेच नव्हता. आम्ही घाईने व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान अशी नावे घेतली. मुलगा म्हणाला, "पण सर, तिथे ते राहिले कुठे? आले आणि गेले." तास संपला. प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आला.

अमेरिकेने रंग लावलाच नाही, असे नाही. 1898 साली स्पेनशी झालेल्या युद्धानंतर पोर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपिन्स तिच्या ताब्यात आले. हवाई बेटे त्याच वर्षी जोडून घेतली गेली. फिलिपिन्ससाठी स्पेनला दोन कोटी डॉलर मोजले. फिलिपिनो लोकांनी त्याच वर्षी 12 जूनला आपले स्वातंत्र्य जाहीर केले होते; त्यांना कुणी विचारले नाही. पुढच्या वर्षी रुडयार्ड किपलिंगने कविता लिहून अमेरिकेला गोऱ्या माणसाचे ओझे खांद्यावर घ्यायला सांगितले. हा किपलिंग 1865 साली जन्मला तो आपल्या मुंबईत. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. साम्राज्याचा धडा द्यायला निघालेला माणूस शिक्षकाच्याच घरचा निघावा, हे आम्हा शिक्षकांना जरा लागते.

या सगळ्यात आम्हाला जास्त काळ अडवून ठेवले ते सुलूच्या सुलतानाच्या कराराने. फिलिपिन्सच्या दक्षिणेला मुसलमानांची बेटे आहेत. उत्तरेकडे लढाई चालू असताना दक्षिणेत दुसरी आघाडी नको, म्हणून 1899 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी जनरल बेट्सने सुलतानाशी करार केला. धर्मात आणि रीतिरिवाजात ढवळाढवळ नाही, सुलतानाला दरमहा तनखा. करार दोन भाषांत होता. इंग्रजी मजकुरात सुलू बेटांवर अमेरिकेचे सार्वभौमत्व मान्य केलेले होते. अरबी लिपीत लिहिल्या जाणाऱ्या स्थानिक भाषेतल्या मजकुरात तो अर्थ तसा उतरलाच नव्हता. सुलतानाने एका गोष्टीवर शिक्का मारला आणि त्याच्याकडून दुसरीच गोष्ट घेतली गेली. उत्तरेकडची लढाई निवळल्यावर 1904 च्या मार्चमध्ये अमेरिकेने तो करार एकतर्फी मोडला. दोन वर्षांनी बुद दाजो नावाच्या ज्वालामुखीच्या तोंडाशी आसरा घेतलेल्या मोरो मुसलमानांवर फौज चढली. सहाशेपासून हजारापर्यंत माणसे मारली गेल्याचे अंदाज आहेत, त्यांत बायका आणि मुले होती. मार्क ट्वेनने त्यावर जळजळीत लिहिले. ते छापून आले त्याच्या मृत्यूनंतर.

आम्ही उर्दूत शिकवतो, मराठीत लिहितो, सरकारी परिपत्रके कधी कधी इंग्रजीतून वाचतो. एका भाषेतून दुसरीत जाताना काय गळते, हे आमच्या रोजच्या अनुभवाचे आहे. म्हणून त्या सुलतानाची कीव येते. पण त्याने तनखाही घेतला होता, हे विसरता येत नाही.

आता आपल्या कोकणात यावे. वाशिष्ठीच्या मुखाशी उत्तर काठावर दाभोळ आहे. बहामनी आणि आदिलशाही काळातले मोठे बंदर. किनाऱ्याजवळची जुनी मशीद अजून उभी आहे. खाडीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेल आणि वेलदूर. एन्रॉनचा वीज प्रकल्प उभा राहिला तो या काठावर, नाव मात्र पलीकडच्या गावाचे घेतले. 1992 च्या जूनमध्ये कंपनीची माणसे आली आणि थोड्याच दिवसांत राज्य सरकारशी सामंजस्य करार झाला. 1993 च्या एप्रिलमध्ये जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून कर्ज नाकारले. तरी डिसेंबरात वीज खरेदीचा करार झाला. वीज घेतली न घेतली, ठरलेले पैसे द्यायचेच. हिशेब डॉलरशी बांधलेला. तंटा झाला तर लवाद लंडनला. वर राज्याची हमी आणि केंद्राची प्रतिहमी.

पुढची कथा वाचकांना ठाऊक आहे. 1995 साली एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू म्हणणारे सत्तेवर आले, ऑगस्टमध्ये करार रद्द झाला, आणि काही महिन्यांत पुन्हा वाटाघाटी होऊन प्रकल्प आधीपेक्षा मोठा होऊन परतला. रद्द होण्याआधीच, जूनमध्ये, अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने इशारा दिला होता की करार पाळला नाही तर भारतातले इतर खाजगी वीज प्रकल्पही धोक्यात येतील. करार पवित्र असतो, हे आपल्याला तेव्हा शिकवले गेले. शिकवणारे ते, ज्यांनी 1904 मध्ये सुलूचा करार एका पत्राने संपवला होता.

इथे आम्हाला अडचण आहे आणि ती झाकून ठेवता येत नाही. दिलेला शब्द पाळावा, करार पुरा करावा, हे आपल्याला घरातून आणि मदरशातून शिकवले गेले आहे. मुसलमान माणूस वचन मोडायला सहज तयार होऊ नये. मग एन्रॉनचा करार मोडा म्हणणाऱ्यांच्या बाजूने आमचे मन का जाते? आमच्यापुरते उत्तर असे. करार दोन माणसांत होतो तेव्हा दोघांना काय देतो-घेतो ते कळलेले असावे लागते, आणि जे द्यायचे ते स्वतःचे असावे लागते. वेलदूरच्या कोळणीने काहीच लिहून दिले नव्हते. तिची खाडी दुसऱ्या कुणीतरी, तिला वाचता न येणाऱ्या भाषेत, लिहून दिली. अमानत ज्याच्याकडे ठेवली त्याने ती विकली, तर विकत घेणाऱ्याचा हक्क किती? आणि विकणाऱ्याचा गुन्हा किती? दुसऱ्या प्रश्नाकडे आपण फार कमी वेळा जातो.

कारण वेलदूरला लाठी चालवणारा हात अमेरिकी नव्हता. 1997 च्या 3 जूनला पहाटे पोलीस वेलदूरमध्ये शिरले. पुरुष मासेमारीला गेलेले. बायकांना घरातून ओढून काढून मारहाण झाली; त्यांत एक गरोदर होती. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी, आणि ह्यूमन राइट्स वॉचने 1999 मध्ये, या दडपशाहीवर सविस्तर लिहिले. बंदोबस्ताच्या पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हेही त्यांनी नोंदवले. पोलीस आपले, भाषा आपली, शिव्यासुद्धा आपल्याच असणार. साम्राज्याला आता गव्हर्नर पाठवावा लागत नाही. तो इथेच मिळतो, तनख्यावर.

आणि आम्ही? 2007 साली आम्ही बारावीला होतो. आंबिवलीत रोज काही तास भारनियमन. आई मेणबत्तीपाशी बसून पुठ्ठ्याने वारा घालायची आणि आम्ही घाम पुसत पुस्तक धरायचो. एन्रॉनचे दिवाळे 2001 च्या डिसेंबरात निघाले होते. त्याआधीच मे महिन्यात बंद पडलेला तो प्रकल्प पाच वर्षे थंड पडून होता आणि नंतरही अडखळतच चालत होता. 2005 मध्ये तो सरकारी कंपन्यांनी उचलला, म्हणजे ओझे शेवटी आपल्याच खांद्यावर आले. पण त्या उकाड्यात कुणी आम्हाला विचारले असते की, वेलदूरच्या बायकांना मार बसला तरी चालेल, पंखा हवा का? आम्ही काय म्हटले असते? परीक्षा महिन्यावर होती. खरे सांगायचे तर आम्ही प्रश्नच ऐकला नसता.

परकी कंपनी म्हणून वाईट, हेही आंबिवलीकराला पटवता येत नाही. मोहन्याची एन.आर.सी. कंपनी आपल्याच देशातली. तिच्या कामगारांच्या वसाहतीने हे गाव वाढले. ती 2009 मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. ज्याच्या घरची चूल विझली त्याला मालकाचा पासपोर्ट कोणत्या रंगाचा, याने काय फरक पडतो?

फरक पडतो, असे आम्हाला तरीही वाटते. देशातल्या मालकाला निदान कोर्टात खेचता येते, मोर्चा नेता येतो, मत देऊन सरकार पाडता येते. 1995 मध्ये महाराष्ट्राने सरकार पाडले आणि प्रकल्प राहिला. आपले मत जिथे पोहोचत नाही तिथे आपला निर्णय झाला, म्हणजे साम्राज्य आले. झेंडा लागो वा न लागो. त्या मुलाच्या प्रश्नाचे आमच्याकडे आज एवढेच उत्तर आहे.

पण याच उत्तराने आमचे आणखी एक दुखणे उघडे केले. आमचे मामू 1990 मध्ये कुवेतमध्ये होते. 2 ऑगस्टला सद्दामची फौज आत शिरली. एक लाखाहून अधिक भारतीयांना एअर इंडियाच्या विमानांनी परत आणले, त्यांत मामू होते, हातात एक पिशवी घेऊन. आमचे नाना सांगायचे, त्या हिवाळ्यात मोहल्ल्यात रिक्षांवर सद्दामचे फोटो लागले होते, चौकात अमेरिकेला शिव्या होत्या. नानाही चौकात मान हलवत. घरी आले की रेडिओला कान लावून बसत, की अमेरिकेची फौज कुवेतमध्ये केव्हा पोहोचते. मामूंचा पगार परत सुरू व्हायचा होता, खालाचे लग्न ठरलेले होते. 1991 च्या फेब्रुवारीत कुवेत सुटला, मामू परत गेले, खालाचे लग्न झाले. आमच्या बी.एड.ची फीसुद्धा पुढे त्याच पगारातून आली. कोकणातल्या किती घरांचे छप्पर त्या तळांच्या सावलीत उभे राहिले, हे मोजायला आपण बसत नाही.

दाभोळचीही दुसरी बाजू आहे. 1508 च्या अखेरीस पोर्तुगीज आल्मेदाने हे बंदर जाळले, माणसे कापली. हे सांगताना आमचा आवाज चढतो. तिथल्या सुलतानांनी मुलूख कसा मिळवला, ते सांगताना तोच आवाज अभिमानाने चढतो. जुलूम आपल्या नावाच्या माणसाने केला की तो इतिहासातला पराक्रम होतो. आम्ही वर्गात हे अनेक वर्षे असेच शिकवत आलो आहोत. अमेरिकेवर बोट ठेवायचा हक्क आम्हाला आहे, असे आम्ही मानतो; पण या दुटप्पी मोजमापासकट ते बोट ठेवले तर मागच्या बाकावरचा मुलगा ते पकडणार.

मामू आता साठीला आले, गावी असतात. परवा फोनवर आम्ही त्यांना सुलूची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "अरे, कुवेतमध्ये आमच्या खोलीत त्याच बाजूचा एक होता. फिलिपिनो, पण मुसलमान. जुम्म्याला बरोबर जायचो." आम्ही उत्सुकतेने विचारले, तो अमेरिकेबद्दल काही बोलायचा का? मामूंनी थोडा विचार केला.

"नाही रे. पगार कधी होणार, एवढंच विचारायचा. आम्हीपण तेच विचारायचो."