तारणाचा अधिकार

पंडिता रमाबाईंनी धर्म बदलला म्हणून महाराष्ट्राने शंभरावर वर्षे वाद घातला. त्यांनी नेमके काय मानले आणि कशावर अडून बसल्या, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षांतच, ज्या मठाने आसरा दिला तिथल्या भगिनींशी त्यांचे वाजले. येशूची शिकवण मान्य; पण तो स्वतः देव, आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे काही केल्या त्यांच्या गळी उतरेना. मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून त्यांनी रीतसर शास्त्रार्थ मांडला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, इथवर गोष्ट गेली. एका पुरोहितशाहीतून सुटलेली ही बाई दुसरीचे जू मानेवर घ्यायला तयार नव्हती.

आपल्या सुशिक्षिताला ही रमाबाई आवडते. येशूला थोर संत म्हणून हात जोडायला आपली ना नसतेच. पण त्या नमस्काराने येशू देवच आहे हा मूळ दावा तसाच बाजूला राहतो. इ. स. ३२५ मध्ये नायकिया इथल्या बिशपांच्या परिषदेत अरियस या धर्मगुरूचे मत फेटाळले गेले: पुत्र सृष्टीत सर्वश्रेष्ठ खरा, पण पित्याने निर्मिलेला. सम्राट कॉन्स्टंटाइनला साम्राज्यात एकी हवी होती, हे उघडच आहे. तरी अरियसचा विरोधक अथानासियस पुढे आयुष्यभर ज्यासाठी झगडला तो मुद्दा दरबारी नव्हता. जो स्वतःच निर्मिलेला, तो इतरांना मरणातून कसा सोडवणार? येशू देव आहे का, हा प्रश्न कोण तारू शकतो या प्रश्नाच्या पोटात आहे.

रमाबाईंचा प्रवासही त्याच वाटेने झाला, असे मला वाटते. लंडनजवळ फुलहॅमला वाँटेजच्या भगिनी ‘पतित’ ठरलेल्या बायकांसाठी आश्रम चालवीत. तो पाहून रमाबाई चकित झाल्या आणि यामागे काय आहे, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली: पाच नवरे झालेली, परक्या जमातीची बाई, आणि विहिरीपाशी येशू तिच्याकडे पाणी मागतो. स्त्रीला आणि शूद्राला मोक्षाचा अधिकार नाही, हे घोकत वाढलेल्या पुराणिकाच्या लेकीला ही गोष्ट भिडली नसती तरच नवल. तरीही आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त मिळायचा राहिला, हे त्यांना उमगायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे गेली.

‘विश्वासाने तारण’ म्हटले की बुद्धिवाद्याला फुकटचा सौदा दिसतो. रमाबाईंनी त्यात पात्रतेची अट रद्द झालेली पाहिली. व्रत, विद्या, जात, सोवळे, काहीच लागत नाही. असे देणे सज्जन माणसाच्या हातचे नव्हे. ते देवच देऊ शकतो. वारकरी म्हणेल, आमच्या जनाबाईला कुठे अधिकारपत्र लागले? रास्त आहे. फरक असा की ख्रिस्ती माणूस हे सारे रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या अमलात एकदाच घडलेल्या क्रूसमरणावर टेकवतो, आणि तिथे तडजोड करत नाही.

खरी अडचण पुढे आहे. विश्वास हीच नवी पात्रता ठरली तर? ज्याच्या कानी येशूचे नावच पडले नाही, त्याचे काय? कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ साली, अशांनाही तारणाचे दार खुले असल्याचे मान्य केले. माझ्या मते याने प्रश्न सौम्य झाला, सुटला नाही. ऐकूनही ज्याला पटले नाही, तो अजून दाराशीच उभा आहे.

रमाबाईंना दोष देणाऱ्यांनी आणि त्यांचे गोडवे गाणाऱ्यांनीही, अ. भि. शहा यांनी संपादित केलेला त्यांचा पत्रव्यवहार एकदा वाचावा. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो १९७७ सालीच छापला आहे.