अजिंठ्याचे जहाज आणि राष्ट्राची ओळख

खानदेशाला समुद्र नाही. तरीही प्राचीन भारतीय जहाजाचे एक सुपरिचित चित्र त्याच्या दक्षिण वेशीवर, जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवर, अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. या लेण्यांसमोरून वळसा घेणारी वाघूर नदी पुढे जळगाव जिल्ह्यात उतरून तापीला मिळते. सोपारा आणि भडोच या बंदरांचा माल घाटवाटांनी व तापीच्या खोऱ्यातून दख्खनमध्ये येत असे, त्यामुळे डोंगरातल्या विहारांनाही समुद्राची वार्ता परकी नव्हती.

तीन डोलकाठ्यांचे, फुगलेल्या शिडांचे हे जहाज इसवी सनाच्या पाचव्या शतकात वाकाटकांच्या राज्यात रंगवले गेले, परंतु ते कोणत्याही राज्याच्या सामर्थ्याचे चित्र नाही. ते पूर्णावदानातले आहे. अवदान म्हणजे पूर्वकर्म आणि त्याचे फळ यांची कथा. सोपाऱ्याचा व्यापारी असलेला पूर्ण भिक्षू झाल्यावर त्याचा भाऊ चंदनासाठी समुद्रापार जातो, चंदनवनाचा रक्षक यक्ष वादळ उठवतो, आणि संकटात भावाने पूर्णाचे स्मरण केल्यावर जहाज वाचते. परत आणलेल्या चंदनातून बुद्धासाठी प्रासाद उभारला जातो, म्हणजे नफ्यासाठी निघालेले जहाज अखेर दान घेऊन परतते. येथे जहाजाचे महत्त्व ते कोणाचे आहे यावर मुळीच ठरत नाही, त्यातली माणसे कशाला शरण गेली यावर ठरते.

बौद्ध विचार याहून पुढे जातो. मज्झिम निकायातील अलगद्दूपम सुत्तात बुद्ध तराफ्याचा दृष्टान्त देतात: नदी ओलांडल्यावर उपकाराच्या भावनेने तराफा डोक्यावर घेऊन हिंडणाऱ्या माणसाचे वागणे योग्य नव्हे, तसाच धम्मही पार जाण्यासाठी आहे, कवटाळून बसण्यासाठी नाही. ज्या परंपरेत तारणारे साधनसुद्धा सोडून द्यायचे असते, त्या परंपरेतले जहाज एखाद्या राष्ट्राने आपली ओळख म्हणून जपावे का, हा प्रश्न त्यामुळे गंभीर ठरतो.

तो आज प्रत्यक्ष उभा आहे. अजिंठ्याच्या चित्रातील पाचव्या शतकातील जहाजावरून बांधलेले आणि खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवलेले ‘कौंडिण्य’ २१ मे २०२५ रोजी कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाले, आणि २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून मस्कतकडे निघाले. त्याच्या शिडांवर गंडभेरुंड हा दोन डोक्यांचा काल्पनिक पक्षी व सूर्य, नाळेवर सिंहयाळी हा सिंहरूपी काल्पनिक प्राणी आणि डेकवर हडप्पा शैलीचा दगडी नांगर आहे. एकमेकांपासून शतकांच्या अंतरावर असलेली, वेगवेगळ्या प्रदेशांतली ही चिन्हे एका जहाजावर आली ती आजच्या निवडीने, आणि राष्ट्रीय प्रतीक अशा निवडीतूनच घडते. ही निवड लपवून सारे जणू आरंभापासून अखंड होते असे सांगितले, तर प्रतीकाचा पुतळा होतो आणि तराफा डोक्यावर चढतो.

परंतु ‘कौंडिण्य’च्या बांधणीत या धोक्यावरचा उतारा आहे. भिंतीवरच्या चित्रात जहाजाचा आराखडा नाही, आतली रचना दिसत नाही, मोजमापे मिळत नाहीत. ही उणीव आयआयटी मद्रासमधील जलचाचण्यांनी आणि केरळच्या कारागिरांनी भरून काढली. मुख्य कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली फळ्या शिवणाऱ्या या हातांत जे ज्ञान होते, ते कोणत्याही लेण्यात टिकले नव्हते. म्हणून या जहाजावर भारताचा हक्क सांगायचा असेल, तर तो चित्राच्या प्राचीनतेपेक्षा या जिवंत कौशल्याच्या बळावर सांगणे अधिक खरे आहे, आणि असे कौशल्य शिकवले गेले तरच टिकते. जहाजाला ज्याचे नाव दिले आहे तो दंतकथेतील नाविक कौंडिण्य तर समुद्रापार जाऊन नागकन्या सोमेशी विवाह करतो, आणि फुनान, म्हणजे आजच्या कंबोडियाच्या परिसरातील प्राचीन राज्य, आपल्या राजवंशाचा आरंभ या दोघांपासून मानत असे. या नावाचा वारसा भारताइतकाच त्या किनाऱ्याचाही आहे.