उपकाराचे ओझे

मराठीत ‘उपकार’ या शब्दापाठोपाठ ‘ओझे’ हा शब्द चटकन येतो, आणि उपकार घेणारा ‘मिंधा’ होतो. देणारा मात्र हलका होऊन, किंचित फुगूनही, घरी जातो. लहानसहान चांगुलपणाची खरी अडचण येथे आहे.

साऱ्या वर्गासमोर उभे करून ज्या मुलाला फुकटची वही दिली जाते, त्याची मान पाहावी. वही त्याला हवी असते. ती टाळी नको असते. तीच वही मधल्या सुट्टीत, ‘एवढा नकाशा टांग रे,’ असे म्हणत हातात ठेवली, तर तो उड्या मारीत पळतो.

आपल्या बायकांनी हे कोडे फार पूर्वी सोडविले आहे. दिवाळीत फराळाचे ताट शेजारी जाते. ते रिकामे परत यायचे नाही, अशी रीत. त्या घरी काही केलेले नसेल, तर चिमूटभर साखर तरी ताटात पडते. कोणी म्हणेल, मग हा व्यवहारच झाला! पण चार करंज्यांची परतफेड चिमूटभर साखरेने होते काय? तेथे मोजमाप नाहीच. घेणाऱ्या हातालाही क्षणभर देण्याची संधी मिळते, इतकेच. म्हणून त्या साखरेला ‘अहो, कशाला!’ म्हणून अडविणारी माणसे मला आवडत नाहीत. द्यायला ती तत्पर असतात. घेण्यातला नम्रपणा त्यांना जमत नाही.

आळंदी ते पंढरपूर या सुमारे अडीचशे किलोमीटरच्या वारीत लोक वारकऱ्यांचे पाय चेपतात, तुटक्या वहाणा शिवून देतात, आणि वर ‘माउली’ म्हणून त्यांच्याच पाया पडतात. येथे ऋणी कोण? गाडगे महाराज (१८७६–१९५६) तर गावात शिरताच, कोणी सांगण्याची वाट न पाहता, खराटा चालवू लागत.

रस्त्याकडेच्या रांजणाचेही तसेच. (देणगीदाराची पाटी रांजणाहून मोठी असते, त्या पाणपोया सोडून द्या.) भर उन्हात वाटसरू येतो, दोन पेले पाणी पितो, तोंडावर हबका मारतो आणि चालू लागतो. रांजण भरणारा त्या वेळी आपल्या शेतात असतो.