स्टेपनी चाकाला असते

उन्हाळ्यातल्या दुपारच्या कामबंदीवर या आठवड्यात सगळ्यांचं लिहून झालं आहे. मीही लिहिणार होतो. पण लिहायला बसलो त्याच सकाळी रियाधमधल्या आमच्या कंपाऊंडच्या फाटकात एक खोका उतरला. माझं डोकं तिकडे गेलं, ते अजून परत आलेलं नाही.

खोका सायकलचा होता, शेजाऱ्याचा. आत त्याच्याकडे आहे तीच सायकल. तशी नव्हे, तीच. तोच करडा रंग, तेच माप, तीच सीट, तेच वाकडे हँडल. मी विचारलं, "ही कशाला?" तो म्हणाला, "बॅकअप."

हा शब्द ऐकला की माझ्या कपाळाची शीर उडते. फोनचा बॅकअप ठीक आहे, फोन यंत्र आहे. पण आता लोक पोळ्यांचा बॅकअप फ्रीझरमध्ये ठेवतात, जोड्याचा बॅकअप कपाटात आणि मित्रांचा बॅकअप व्हॉट्सअ‍ॅपवर. एका सायकलची किंमत सात हजार रियाल. म्हणजे दोन्ही मिळून चौदा हजार, आणि 2020 च्या जुलैपासून इथे पंधरा टक्के व्हॅट आहे, तो सरकारने एकाच आवडीवर दोनदा घेतला. एवढं करून घंटी एकीलाही नाही. हल्ली महाग सायकलला घंटी नसते, स्टँड नसतो, कॅरिअर तर नसतोच. माणूस पाठीमागून येतो आणि तोंडाने "ऑन युअर लेफ्ट" असं ओरडतो. घंटीचा विषय मी या स्तंभात पूर्वीही काढला आहे, पुढेही काढीन.

दुसरी सायकल का घेतली, याची कारणं त्याने भराभर दिली. चोरीची भीती: आमच्या फाटकावर चोवीस तास पहारा आहे. भाव वाढतील: वाढू देत. सेल होता: असतोच. ही तीन मी सोडून देतो. चौथं मात्र त्याने असं काही डोळे बारीक करून सांगितलं, की जणू तेलाची विहीर सापडली आहे. "अहो, कंपनी हे मॉडेल बंद करणार आहे!"

बरं, बंद करणार आहे. मग?

या वाक्यापाशी जरा बसू या, कारण ते आता सगळीकडे ऐकू येतं. मॉडेल बंद होतंय म्हणून दोन घड्याळं, मॉडेल बंद होतंय म्हणून चार एकसारखे शर्ट, मॉडेल बंद होतंय म्हणून मिक्सर. माणसं कंपनीच्या कॅटलॉगकडे गावातल्या म्हाताऱ्याच्या तब्येतीसारखी बघतात. आज बरं आहे, उद्याचं सांगता येत नाही, भेटून या. कंपनीलाही हे ठाऊक असतं. दर वर्षी ती रंग बदलते, दांडीवरचं नाव तिरकं करते आणि जुनं बंद झाल्याची हळूच आवई उठवते. सुतकाच्या भीतीने लोक आधीच जेवून घेतात.

मी शेजाऱ्याला म्हटलं, अ‍ॅटलस आठवते का? 1951 साली सोनीपतला सुरू झालेली. तुमच्या वडिलांकडे होती, माझ्याही होती. ती कंपनी 3 जून 2020 ला साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद करून मोकळी झाली. नेमका जागतिक सायकल दिन, बघा. तिथे नुसतं मॉडेल नव्हे, सगळा कारखानाच थांबला. पण म्हणून खेड्यापाड्यांतल्या अ‍ॅटलस उभ्या राहिल्या का? दूधवाला थांबला का? बावीस इंची फ्रेम, अठ्ठावीसचा टायर, छर्रे, फ्रीव्हील, ब्रेकचे रबर. तालुक्याच्या बाजारात आजही सगळं मिळतं, आणि ते कोणत्या कंपनीचं हे कोणी विचारत नाही. एका कंपनीचं चाक दुसऱ्या कंपनीच्या फ्रेममध्ये सुखाने नांदत होतं, म्हणून ती सायकल कंपनीच्या मागेही जगली.

तुमच्या सायकलचं दुखणं वेगळं आहे. रिमला धरणारे ब्रेक जाऊन डिस्क आले, सव्वीसच्या चाकाचं एकोणतीस झालं, चाक बसवायचा दांडासुद्धा बदलला. उद्या दुसरी सायकल खोक्यातून काढाल, तेव्हा तिचेही भाग मिळणार नाहीत, कारण ती त्याच सालची आहे. जुळी भावंडं एकाच दिवशी म्हातारी होतात. एक खोक्यात झोपली म्हणून तिचं वय थांबत नाही. रियाधच्या उन्हाळ्यात बंद कोठीत रबर कडक होतं, ग्रीस आटतं, ट्यूबलेस टायरमधला चिकट द्रव काही महिन्यांत वाळून त्याचे पापुद्रे होतात. पाच वर्षांनी तुम्हाला नवी सायकल मिळणार नाही. न वापरलेली जुनी सायकल मिळेल. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे लग्नातला शालू नेसायचा राहून गेलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

आणि मुख्य मुद्दा. माझा हा शेजारी छप्पन्न वर्षांचा आहे. त्याच्या गुडघ्यांचं मॉडेल 1969 सालचं, कधीच बंद झालेलं. डाव्यात आताच कुरकुर आहे. सायकल दोन आणि गुडघा एक, हा हिशेब त्याने कुठल्या वहीत मांडला, ते मला कळलेलं नाही.

त्यावर तो चिडून म्हणाला, "म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायची का?" नाही बाबा. पण तुझ्या अंगणात गोड्या पाण्याची विहीर आहे. तू तिच्याशेजारी दुसरी खणून तिच्यावर झाकण ठेवलंस, आणि आता पहिलीतूनही जपून पाणी काढतोस.

आता स्टेपनी. हा शब्द मला फार आवडतो, कारण तो आपलाही आहे आणि इथल्यांचाही. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी रस्त्यावर डेव्हिस नावाच्या भावांचं दुकान होतं. तेव्हाच्या मोटारींना जादा चाक नसायचं. 1904 मध्ये त्यांनी आऱ्यांशिवायची, हवा भरलेली एक धाव बाजारात आणली. पंक्चर झालेल्या चाकावरच ती आवळून बसवायची आणि कारखान्यापर्यंत जायचं. दुकान गेलं, रस्त्याचं नाव जगभर राहिलं. आपल्याकडे ड्रायव्हर 'स्टेपनी' म्हणतात. इथे अरबीच्या तोंडात 'प' येत नाही, म्हणून 'इस्तिबना' म्हणतात. सायकललासुद्धा इथल्या बोलीत 'सैकल'च म्हणतात. रियाधहून दम्मामला निघालेल्या माणसाला चारशे किलोमीटरच्या वाळवंटात इस्तिबना म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पण शब्दाचा अर्थ नीट बघा. स्टेपनी चाकाला असते. गाडीला नसते. ती तुम्हाला दुरुस्तीच्या दुकानापर्यंत नेते आणि परत डिकीत जाऊन पडते. दुरुस्ती टाळायची तिला परवानगी नाही. आमच्या आयांना हे भेदज्ञान होतं. प्रत्येक घरात कुकरची जादा शिट्टी आणि जादा गास्केट डब्यात असायचं. जादा कुकर नसायचा.

आणि आहे तशीच दुसरी वस्तू म्हणजे 'डुप्लिकेट'. या शब्दाचा मराठी अर्थ काय? नकली. डुप्लिकेट माल, डुप्लिकेट नोट. सिनेमात डुप्लिकेट म्हणजे घोड्यावरून पडायला ठेवलेला माणूस. या शब्दाला आपल्याकडे प्रतिष्ठा मिळाली ती फक्त चावीच्या बाबतीत, आणि तीही शेजाऱ्याकडे ठेवायची असते.

दुसरी सायकल खरंच लागते ती शर्यतवाल्यांना. इथे 2020 मध्ये सौदी टूर सुरू झाली, आता ती अलउला टूर नावाने भरते; तिच्यातल्या संघांच्या गाड्यांच्या टपावर सायकली बांधलेल्या असतात. त्याला माझी हरकत नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. तरीही 14 जुलै 2016 आठवा. टूर द फ्रान्समध्ये माँ व्हाँतूच्या चढावर ख्रिस फ्रूम पुढच्या मोटारसायकलवर आदळला, सायकल मोडली, बॅकअप घेऊन येणारी गाडी मागे गर्दीत अडकली. शर्यतीत पहिल्या नंबरवर असलेला सायकलपटू पिवळा शर्ट घालून डोंगर पळत चढू लागला. मध्येच मिळालेली उसनी सायकल त्याला जमेना. ज्यांचा धंदाच बॅकअपचा, त्यांचीही ही गत. आपण तर भाजी आणायला जातो.

आता जरा गंभीर होतो, फार वेळ नाही. या देशात आपलं काय कायमचं आहे? इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, मुदतीचा, नोकरी कराराची, घर भाड्याचं. 2017 च्या जुलैत परदेशी लोकांच्या कुटुंबीयांवर माणशी महिना शंभर रियालची फी लागली. ती वर्षावर्षाने वाढत 2020 मध्ये चारशे झाली. त्या काळात आमच्या कंपाऊंडमधली कितीतरी बिऱ्हाडं बायकामुलांना गावी सोडून आली. मुलं गेली, विमानाच्या वजनात न बसलेल्या त्यांच्या सायकली स्टँडवर राहिल्या. गुलाबी, लाल, एक छोटी आधाराच्या चाकांची. दोन उन्हाळ्यांत रंग उडाला. शेवटी रखवालदाराने त्या हराजात, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात, नेऊन टाकल्या. त्या रांगेकडे पाहताना बॅकअप हा शब्द कोणाच्याही तोंडून आला नव्हता. ज्याला स्वतःचीच हमी नाही तो सायकलची हमी विकत घेतो. यात मला हसू येतं आणि थोडं पोटातही तुटतं. आवडती वस्तू संपणार, हे आधीच मान्य करून तिच्यावर बसायचं असतं. दुसरी आणली की पहिली सुरक्षित होत नाही. तिची मजा तेवढी कमी होते.

हायफा अल-मन्सूर यांचा 'वज्दा' पाहिला असेल तर आठवेल. 2012 चा सिनेमा. रियाधची एक मुलगी दुकानातल्या हिरव्या सायकलवर जीव टाकते. काही वस्त्यांत दिग्दर्शिकेला व्हॅनमध्ये बसून चित्रीकरण चालवावं लागलं, आणि तेव्हा देशात हा सिनेमा दाखवायला थिएटरंच नव्हती, ती 2018 मध्ये उघडली. त्या मुलीच्या तगमगीचं सगळं इंजिन एवढंच आहे: सायकल एक आहे आणि उद्या दुसरं कोणी घेऊन जाईल. दुकानात तशाच दोन असत्या तर सिनेमा वीस मिनिटांत संपला असता. आज रियाधमध्ये एकशे पस्तीस किलोमीटरचा स्पोर्ट्स बुलेव्हार्ड होतो आहे, त्याचा पहिला टप्पा 2025 च्या फेब्रुवारीत उघडला, आणि त्यावर मुली सायकल चालवतात. घंटीशिवाय, पण चालवतात.

कामबंदीवर लिहिणार होतो, तर तेही सांगून टाकतो. 15 जून ते 15 सप्टेंबर, दुपारी बारा ते तीन, उघड्या उन्हात काम नाही. आमचा माळी त्या तीन तासांत भिंतीच्या सावलीला सायकल आडवी पाडून पंक्चर काढत बसतो. सिल्हेटचा माणूस. त्याच्या ट्यूबवर ट्यूब कमी आणि ठिगळं जास्त. कागदाने घासायचं, सोल्युशन लावायचं, फुंकर मारायची, ठिगळ दाबायचं, बादलीत बुडवून बुडबुडा बघायचा. त्याचा सगळा बॅकअप एका साबणाच्या डबीत मावतो. गरिबीचं कौतुक करायला मी हे सांगत नाही. त्याला कोणी दुसरी सायकल दिली तर तो संध्याकाळच्या आत ती विकून पैसे घरी पाठवील, आणि ते बरोबरच होईल.

तेव्हा तत्त्व असं: झिजतं त्याचा जोड ठेवा, आवडतं त्याचा नको. जादा ट्यूब ठेवा, साखळी ठेवा, ब्रेकचे पॅड ठेवा. चाकाचा आऊट काढणारा, हाताला यश असलेला एक माणूस ओळखीचा ठेवा. रियाधच्या बथ्यात असे चार आहेत. सायकल एक ठेवा आणि ती झिजवा.

हे सगळं मी घरी तावातावाने वाचून दाखवलं. ही म्हणाली, "कपाटात खाली बघा." खाली कोल्हापुरीच्या तीन जोड्या होत्या. तिन्ही एकाच मापाच्या, एकाच कारागिराच्या, दोन अजून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. तो कारागीर म्हातारा झाला आहे, त्याचा मुलगा हा धंदा करणार नाही, म्हणून मागच्या सुट्टीत घेऊन आलो. म्हणजे मॉडेल बंद होतंय म्हणूनच. आता यावर मी काय बोलणार? चपला झिजतात, असं म्हणून मी विषय बदलला. अपरिग्रह व्रतांमध्ये का घातला आहे, ते कळलं. सहज जमत असता तर त्याचं व्रत कशाला केलं असतं?

शेजाऱ्याचं पुढे काय झालं ते सांगतो. नवी सायकल नवी आहे म्हणून तो बाहेर काढत नाही. जुनी आता बंद झालेल्या मॉडेलची, म्हणून तिलाही तो जपतो. दोन्ही कोठीत उभ्या आहेत, नवीच्या हँडलावरचं प्लॅस्टिक तसंच. गुरुवारी त्याने हराजातून दीडशे रियालची एक जुनी सायकल रोजच्या वापरासाठी आणली. पहाटे फजरच्या नमाजानंतर रस्ते रिकामे असतात, तेव्हा तो तिच्यावरून वादी हनिफाकडे जातो.

तिला घंटी आहे.