शुभवर्तमान : वार्ता आणि वार्ताहर

'एव्हांगेलिऑन' या ग्रीक संज्ञेसाठी मराठी ख्रिस्ती परंपरेने दोन शब्द रुळवले : शुभवर्तमान आणि सुवार्ता. पहिला मुख्यतः ग्रंथाचे नाव झाला, दुसरा त्यातील आशयाचे. दोन्हींच्या मुळाशी आहे ती बातमी. जुन्या पत्रव्यवहारातील 'इकडील वर्तमान' म्हणजे बातमीच. 'वर्तमानपत्र' या शब्दात तो अर्थ अजून टिकून आहे. उपदेश पटतो किंवा पटत नाही. बातमी खरी असते किंवा खोटी. म्हणूनच ती कोण आणतो आणि कशासाठी, हे विचारावे लागते.

होमरच्या 'ओडिसी'त हा शब्द चांगली वार्ता आणणाऱ्याच्या बक्षिसासाठी येतो. ('तुझ्या तोंडात साखर पडो' म्हणणाऱ्या भाषेला यात नवल वाटू नये.) तेथे भिकाऱ्याच्या वेषातला ओडिसियस धनी परतल्याची वार्ता खरी ठरेपर्यंत बक्षीस घ्यायला नकार देतो. पुढे हा शब्द सत्तेच्या सेवेत गेला. इ. स. पू. ९ च्या सुमाराच्या प्रिएने येथील शिलालेखात ऑगस्टसचा जन्मदिवस जगासाठी सुवार्तांचा आरंभ मानला आहे. मार्क तोच शब्द, आपल्या पहिल्याच वाक्यात, रोमन सत्तेने क्रूसावर मारलेल्या माणसासाठी योजतो. वार्ता सांगणाऱ्याने वार्तेवर जगावे, हा हक्क पौल करिंथकरांना लिहिताना मान्य करतो, आणि स्वतः मात्र तो वापरत नाही.

ना. वा. टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडली व साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारला. या कृतीकडे भक्तिपरंपरा आणि राष्ट्रीय भावना यांच्या अंगाने पाहिले जाते, ते योग्यच. मला तीत पौलाचा तो पेचही दिसतो. वेतन घेऊन सांगितलेली वार्ता त्यामुळे खोटी ठरत नाही. पण ऐकणाऱ्याला वार्ता आणि वेतन निराळे करता येत नाहीत. मराठ्यांच्या जुन्या राजधानीत 'दरबार' हा शब्द निवडताना टिळकांनीही, मार्कप्रमाणेच, राजसत्तेचाच शब्द उचलला.

सांगली जिल्ह्यातील मिरजेत पेच उलटा होतो. विल्यम वॉन्लेस यांनी तेथे १८९४ साली मिशनचे रुग्णालय सुरू केले. येथे वार्ताहर काही घेत नाही, देतो. आणि ऐकणारा ऋणी होतो. बरा झालेला रोगी मान डोलावतो ती वार्तेला की उपकाराला? हा प्रश्न टिळकांच्या प्रश्नाहून अवघड आहे, कारण दातृत्वावर संशय घेणे कोणालाही जड जाते. मार्कच्या पहिल्याच अध्यायात येशू बऱ्या केलेल्या कुष्ठरोग्याला, हे कोणाला सांगू नकोस, असे बजावून पाठवतो. तो मात्र जिकडेतिकडे सांगत सुटतो.